दोन डाव्या बाह्या

गल्लीत तिला समोरासमोर सगळे शिवणताई म्हणत आणि पाठीमागे कागदवाली. दुसरं नावही तिच्या कानावर होतं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. तीस वर्षं तिने जे काही शिवलं ते दुकानात मिळणाऱ्या पाकिटातल्या पॅटर्नवरून शिवलं. पाकिटावर एका हसऱ्या बाईचं चित्र, आत पातळ कागदाची भलीमोठी घडी आणि तिच्यावर रेघांचं जाळं. आपल्या मापाची रेघ शोधायची, कागद कापायचा, कापड दुहेरी घालून त्यावर तो टाचायचा आणि कात्री चालवायची. बाजारातले शिंपी नुसत्या खडूने कापडावर चार रेघा ओढून मोकळे होत आणि तिला हसत. हसोत बापडे. तिने शिवलेला कपडा अंगावर बसायचा, आणि हसणाऱ्यांच्या बायका आपले कपडे गुपचूप तिच्याकडेच टाकायच्या.

संग्रहालयातल्या मॅडम तिच्याकडे आल्या त्या एका कोटाचं फाटलेलं अस्तर घेऊन. आठ दिवसांनी कोट न्यायला आल्या तेव्हा त्यांनी तो दारातच उलटा केला आणि अस्तराचे टाके बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, की जुन्या कपड्याची नक्कल करायला जमेल का. किती जुन्या, असं शिवणताईने विचारलं. दीडशे वर्षांच्या वर, असं मॅडम म्हणाल्या. शिवणताईला वाटलं, बाईंची जीभ घसरली असेल, पंधरा म्हणायचं असेल.

जीभ घसरली नव्हती. दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या मागच्या बाजूच्या एका थंडगार खोलीत मॅडमनी भिंतीतला एक लांबरुंद उथळ खण बाहेर ओढला, वरचा मऊ कागद बाजूला केला, आणि आत तो झगा होता.

शिवणताई खणावर वाकली. शेवाळी रंगाचं रेशीम-लोकरीचं कापड, त्यावर वीतभर अंतरावर विणलेल्या तांबूस डहाळ्या, आणि दोन्ही कोपरांशी मखमलीची एकेक पट्टी. कंबर इतकी बारीक, की झगा एखाद्या लहान मुलीचा वाटावा. खालचा घेर सहा पन्ह्यांचा, म्हणजे कापडाच्या सहा रुंद्या जोडून केलेला, आणि तो सगळा घेर शेकडो बारीक चुण्यांनी त्या एवढ्याशा कमरेत बसवलेला. तिने भिंग मागून घेतलं आणि बोटभर अंतरातले टाके मोजायला लागली. सोळापर्यंत मोजले, डोळ्यांत पाणी आलं, परत पहिल्यापासून सुरुवात केली. यंत्राचा एकही टाका नव्हता. कुणीतरी बाई खिडकीशी बसून, हातात सुई धरून, हे सगळं शिवत गेली होती. शिवणताईने आयुष्यात देवळं पाहिली होती, समुद्र पाहिला होता, पण असं तोंडात बोट घालायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि तीही एका शिवणीपुढे.

मॅडमनी काम समजावून सांगितलं. नवं दालन उघडायचं होतं. असे बारा झगे होते, पण त्यांना उजेड सोसत नाही, उभे केले तर आपल्याच वजनाने फाटतील. म्हणून मूळ झगे खणातच राहतील आणि पुतळ्यांवर त्यांच्या हुबेहूब नकला चढतील. पहिली नक्कल ही परीक्षा. तिच्यासाठी एका छोट्या मागावर जुन्याच पन्ह्याचं, तसंच डहाळ्यांचं कापड मुद्दाम विणून घेतलं होतं. लागेल तेवढंच, वर जेमतेम चार तुकडे उरतील इतकं. त्या विणकराने माग मोडीत काढला होता, त्यामुळे दुसरं कापड मिळणार नव्हतं.

"स्पष्टच सांगते," मॅडम म्हणाल्या. "यात एक चूक झाली तर उरलेले अकरा झगे बाहेरगावच्या कंपनीला द्यावे लागतील. ते यंत्राने कापतात. त्यांचं मोजमाप चुकत नाही."

शिवणताईने मान डोलावली. परीक्षा, कंपनी, दालन यातलं काही तिच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. समोरच्या भिंतीत आणखी अकरा खण होते, त्यांवर तिची नजर खिळली होती. ते अकरा तिला हवे होते. दुसऱ्या कुणी ते उघडावेत, ही कल्पनासुद्धा तिला सहन झाली नाही.

आता कागदवाली म्हटल्यावर ती पहिल्यांदा कुठे जाणार? दुकानात गेली. नाटकवाल्यांसाठी, हौशी लोकांसाठी जुन्या काळच्या झग्यांची पाकिटंही मिळतात. त्यातलं एक, चित्रात अगदी असाच घेरदार झगा घातलेली बाई असलेलं, ती घेऊन आली. घरी येऊन कागद पसरला, मूळ झग्यावरून उतरवून आणलेली मापं शेजारी ठेवली, आणि कपाळाला हात लावला. पाकिटातला झगा म्हणजे आजच्याच बाईला घातलेलं जुन्या काळचं सोंग होतं. त्याला पाठीत चेन होती. खांद्याची शिलाई बरोबर खांद्याच्या डोक्यावर होती. मूळ झग्यात ती चांगली चार बोटं मागे, पाठीवर उतरलेली होती. मुंढा, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात ते भोक, पाकिटात एवढं मोठं की त्यातून भोपळा निघावा. मूळचा मुंढा अगदी लहान, काखेत उंच गेलेला. म्हणूनच त्या काळच्या बायांनी हात वर केला तरी कंबर जागची हलत नसे. आणि पाकिटवाल्यांनी सगळीकडे सैलपणा सढळ हाताने वाटलेला, म्हणजे कुणालाही कसाही व्हावा.

पण ती पाकिटाला शिव्या देऊन थांबली नाही. पाया बरा होता, घर नवं बांधायचं होतं. तिने खांद्याची रेघ मागे नेली. पाठीचे तीन तुकडे अरुंद केले, त्यांना मूळच्यासारखा बाक दिला. चेन काढून टाकली, पुढे हुक घेतले. मुंढ्याला जोड देऊन तो वर चढवला. प्रत्येक बदल आधी स्वस्त जाड्याभरड्या मांजरपाटावर शिवून बघायचा, उसवायचा, परत शिवायचा. बदललेला प्रत्येक तुकडा तिने जाड खाकी कागदावर नव्याने उतरवला. पाकिटातला फक्त एकच तुकडा जसाच्या तसा चालला, तो म्हणजे बाहीचा वरचा भाग. त्या काळची बाही दोन तुकड्यांची असे, एक वरून आणि एक खालून, आणि दोन्ही कोपरापाशी किंचित वाकलेले, कारण हात काही काठीसारखा लोंबत नाही. पाकिटवाल्यांनी तो बाक अगदी बरोबर काढला होता. शिवणताईने मनातल्या मनात त्यांचे आभारही मानले.

माप घालून बघायला अंग हवं होतं, आणि इतकं चिमुकलं अंग घरात एकच होतं, सासूबाईंचं. सत्तर पार केलेल्या, वजनाने फुलासारख्या आणि तोंडाने अजिबात तशा नसलेल्या. रोज दुपारी त्यांना मांजरपाटाच्या कच्च्या झग्यात उभं करायचं आणि टाचण्या लावायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी कुरकुर केली, दुसऱ्या दिवशी विचारलं की त्या काळच्या बाया श्वास घेत होत्या की नुसत्या झगेच घालत होत्या, आणि तिसऱ्या दिवशी पाठीला आपोआप आलेला ताठपणा आरशात बघून जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. "मी तरुणपणी अशी चालले असते तर तुझ्या सासऱ्यांची माझ्यापुढे बोलायची हिंमत झाली नसती," असं म्हणून मगच उतरवू दिला.

मग खरं कापड कापायचा दिवस आला. शिवणताईने सकाळी दार लावून घेतलं. इथे अडचण अशी, की कापड दुहेरी घालता येत नव्हतं. पन्हा अरुंद, डहाळ्या सगळ्या एकाच दिशेने वाढणाऱ्या, आणि डाव्या बाजूची डहाळी उजवीकडच्या डहाळीसमोर यायला हवी. म्हणजे कापड एकेरी पसरायचं, एक तुकडा कापायचा, मग कागद पालथा करून त्याचा जोडीदार कापायचा. तीस वर्षं दुहेरी कापडावर कात्री चालवली, की डावा आणि उजवा आपसूक जोडीने निघत. कागद पालथा घालायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. तिने डोळ्यांत तेल घालून एकेक तुकडा कापला. खाकी कागद दोन्ही बाजूंनी सारखाच, तो ती नीट पालथा करत गेली. शेवटी बाहीचा वरचा भाग आला. तो पाकिटाचा छापील कागद होता. छापलेली बाजू वर ठेवायची, ही तीस वर्षांची सवय हाताला. हाताने ती दोन्ही वेळा वर ठेवली.

दुपारी चार वाजता तिने सासूबाईंना नवा झगा चढवला, बाह्या टाचल्या आणि मागे सरून बघितलं. उजवा हात विचित्र दिसत होता. बाहीचा बाक पाठीकडे वळत होता. सासूबाईंनी आरशात एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघितलं.

"अगं, मला काय दोन डावे हात आहेत?" त्यांनी विचारलं.

शिवणताईने टाचण्या काढल्या, उजव्या बाहीचा वरचा तुकडा टेबलावर सुलटा पसरला, डावीचा त्याच्यावर सुलटाच ठेवला. दोन्ही तंतोतंत एकावर एक बसले. जोडीचे तुकडे असे बसत नाहीत. दोन्ही डाव्या बाहीचे होते. कापड उलटं वापरायचा प्रश्नच नव्हता, उलट बाजूला डहाळ्यांचे सुटे धागे लोंबत होते. उरलेले तुकडे तिने तीन वेळा जोडून बघितले. सगळ्यांत मोठा तुकडा तळहाताएवढा. ती टेबलाशी बसली, आणि तिच्या डोळ्यांसमोर एकामागून एक अकरा खण बंद होत गेले. सासूबाई झगा अंगात तसाच ठेवून तिच्या शेजारी येऊन बसल्या.

रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. सकाळी ती संग्रहालयात गेली ती सांगून टाकायलाच. शब्दसुद्धा ठरवले होते. मात्र आधी झगा एकदा डोळे भरून बघून घ्यावा, कारण नंतर कोण दाखवतंय, एवढा स्वार्थ तिने ठेवला. मखमलीच्या पट्ट्यांचं माप परत घ्यायचंय असं तिने सांगितलं, मॅडमनी खण उघडून दिला, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बोलत बोलत त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.

या पट्ट्या झग्याच्या दोन्ही बाह्यांवर होत्या, कोपराशी तिरक्या गेलेल्या, तीन बोटं रुंद, गडद तपकिरी मखमलीच्या. अख्ख्या झग्यावर दुसरी सजावट नव्हती. शिवणताई उगाचच उजव्या बाहीवर टेप धरून उभी राहिली, आणि तिची नजर कोपराखालच्या डहाळ्यांवर गेली. त्या जराशा कलल्या होत्या. डाव्या बाहीत डहाळ्या खांद्यापासून मनगटापर्यंत सरळ उभ्या. उजवीत कोपरापर्यंत सरळ, आणि पट्टीच्या खाली एकदम तिरप्या. हे तिने आधीही पाहिलं होतं. मॅडमनी दिलेल्या झग्याच्या तपशिलांच्या यादीत त्याला कारणही दिलं होतं, जुनं कापड ओढलं गेलं असावं. तेव्हा तिने मान डोलावली होती. आज मात्र मान डोलेना. कापड ओढलं जातं तेव्हा हळूहळू ओढलं जातं, एका रेघेवर येऊन अचानक दिशा बदलत नाही.

तिने धुतलेल्या हाताचं बोट डाव्या पट्टीवरून अलगद फिरवलं. मऊ, सपाट. मग उजव्या पट्टीवरून. तिथे मखमलीखाली काहीतरी होतं. एक बारीक वरंबा, आणि तो एका बाजूला दोन फांद्यांत फुटत होता.

कपड्याच्या आतून बघायला मॅडम एक लहानसा थंड दिवा वापरत. तो तिने खुणेनेच मागितला, फोनवर बोलता बोलता मॅडमनी मान हलवली. शिवणताईने दिवा मनगटाच्या बाजूने बाहीत हळूच सरकवला आणि लावला.

बाही आतून उजळली. शेवाळी कापड मधासारखं दिसायला लागलं, डहाळ्यांच्या सावल्या वर आल्या. आणि पट्टीच्या दोन्ही कडांच्या जरासं बाहेर, आत दुमडलेल्या शिलाईमुळे दुहेरी झालेल्या कापडाची काळसर रेघ दिसली, कोपराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका टोकाला त्या रेघेची दोन झालेली, आणि मध्ये पाचरीसारखा एक निमुळता तुकडा. कळी. बाही कोपराशी आडवी कापली होती. खालचा भाग उलट्या बाजूला वळवला होता. वळवल्यामुळे एकीकडे जी फट पडली तिच्यात कळी भरली होती, दुसरीकडे जे कापड एकावर एक चढलं ते शिलाईत गिळलं होतं. काखेत एक नखाएवढा जोड होता, तोही तिने मागे पाहिला होता आणि काटकसर समजून सोडून दिला होता.

काटकसर कसली. ही बाहीसुद्धा डावी होती.

दीडशे वर्षांपूर्वी कुठल्याशा खोलीत एका बाईने दोन डाव्या बाह्या कापल्या होत्या. तिच्याकडेही जास्तीचं कापड नव्हतं. तीही अशीच टेबलाशी बसली असणार, तिच्याही डोळ्यांसमोर काहीतरी बंद झालं असणार. आणि मग ती उठली. तिने चांगल्या कापडात मधोमध कात्री घातली, ज्याला खरं काळीज लागतं. एवढासा तुकडा घेऊन डावीची उजवी केली. वर मखमल लावली, आणि एकाच बाहीवर पट्टी दिसली तर लोक विचारतील, म्हणून जी बाही धडधाकट होती तिच्यावरही तशीच लावली. नंतर ज्यांनी ज्यांनी तो झगा पाहिला, घालणारीने, तिच्या मैत्रिणींनी, पुढे संग्रहालयातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी, त्या सगळ्यांनी पट्ट्यांचं कौतुक केलं. कुणाला काही कळलं नाही. कळलं ते दुसऱ्या एका चुकलेल्या बाईला.

"बाई गं," ती पुटपुटली.

मॅडमचा फोन संपला तेव्हा दिवा विझवलेला होता. झालं का काम, असं त्यांनी विचारलं. झालं, असं शिवणताई म्हणाली. सांगायला आली होती आणि शिकून परत निघाली. ठरवलेले शब्द तसेच गिळून टाकले. रस्त्याने जाताना तिला त्याची लाज वाटत होती, आणि तरी पाय भराभर पडत होते.

पुढचे तीन दिवस तिने दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. आधी मांजरपाटाच्या बाहीवर करून बघितलं. मग खरी बाही टेबलावर ठेवली, कात्री हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली, असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी कापली. खालचा भाग वळवला, तळहाताएवढ्या तुकड्यातून कळी बेतली, बाहीच्या माथ्याचा, म्हणजे खांद्याशी जोडायच्या टोकाचा, फरक काढायला काखेत जोड दिला. टाके तिने जितके बारीक घालता येतील तितके घातले. त्या बाईच्या टाक्यांच्या शेजारी ठेवले असते तर ते ढोबळच दिसले असते. वर मखमल बसली, आणि सासूबाईंना झगा चढवला. उजवा हात उजवा झाला होता. सासूबाईंनी कोपर वाकवलं, सरळ केलं, परत वाकवलं.

त्यांना तिने सगळं सांगितलं होतं. सल्ला त्यांनी ताबडतोब दिला. मखमलीखाली बघायला कोणी जात नाही, त्या बाईने तोंड मिटून ठेवलं तर तूही मिटून ठेव, अकरा झगे मिळव आणि मग म्हातारपणी कुणाला सांगायचं ते सांग. तो सल्ला चुकीचा आहे असं शिवणताईला अजिबात वाटलं नाही.

नक्कल पुतळ्यावर चढवायला संग्रहालयाने सकाळची वेळ दिली होती. मॅडम टेप आणि यादी घेऊन झग्याभोवती फिरल्या. खांदा, पाठ, मुंढा, कंबर, घेर, चुण्या. एकेका ओळीपुढे खूण होत गेली. शेवटी त्या दोन पावलं मागे गेल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या की एवढं तंतोतंत काम होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. उजव्या बाहीच्या कललेल्या डहाळ्यासुद्धा तुम्ही उतरवल्यात, असं त्यांनी मुद्दाम म्हटलं. शिवणताईचा जीव भांड्यात पडला. अकरा खण समोरच होते.

मग मॅडमनी भिंतीवर लावायचा मजकूर वाचून दाखवला. कापड, काळ, घेर, सगळं बरोबर होतं. खाली लिहिलं होतं, बाह्यांवरच्या मखमली पट्ट्या केवळ शोभेसाठी, शिवणारी अज्ञात.

"एवढ्या साध्या झग्यावर ह्या पट्ट्या मला जरा भपकेबाजच वाटतात," मजकूर खाली ठेवत मॅडम म्हणाल्या. "बाईंना मोह आवरला नाही बहुतेक."

शिवणताईला राग आला. स्वतःला कुणी कागदवाली म्हटलं तेव्हा कधी आला नव्हता तेवढा आला. तोंड मिटून ठेवायचं ती पक्कं ठरवून आली होती. दोन क्षण तिने ते मिटूनही ठेवलं, आणि त्या दोन क्षणांत तिच्या लक्षात आलं, की ती गप्प बसली तर त्या बाईला भपकेबाज म्हणणारा कागद भिंतीवर लागेल आणि भिंत असेपर्यंत तिथेच राहील. तिची बाजू सांगायला जगात दुसरं कोणी नव्हतं.

"मोह नव्हता तो," ती म्हणाली. "तिची बाही चुकली होती. दोन्ही डाव्या कापल्या गेल्या होत्या. ते लपवायला लावल्यात पट्ट्या."

मॅडम हसल्या, मग तिचा चेहरा बघून थांबल्या. हे तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं.

हाच प्रश्न येणार हे शिवणताईला माहीत होतं. बोटाला लागलं, असं सांगता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. पण अर्ध्या खऱ्यावर त्या बाईची सगळी गोष्ट उभी राहिली नसती.

"कारण माझीही चुकली," ती म्हणाली. "तुम्ही दिलेल्या कापडातून मी दोन डाव्या बाह्या कापल्या. तुम्हाला सांगायलाच आले होते त्या दिवशी. तेव्हा तिची सापडली. तिने जसं केलं तसंच मी केलं. नाहीतर तुमचा हा झगा आज इथे उभा नसता."

मग मॅडमनी खण उघडला, दिवा काढला आणि जुन्या बाहीत सरकवला. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या. नंतर उठल्या आणि तोच दिवा पुतळ्यावरच्या नव्या बाहीत धरला. तीच आडवी रेघ, तोच फाटा, तीच पाचर, फक्त टाके थोडे मोठे. त्यांनी पुन्हा जुनी बाही पाहिली.

"सव्वीस वर्षं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सव्वीस वर्षं मी हा झगा सांभाळतेय. परिषदेत या पट्ट्यांवर निबंध वाचलाय मी."

शिवणताईला त्यांची दया आली, आणि मग स्वतःचीही. आता काय होणार ते तिला माहीत होतं. चूक झाली तर काय, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलेलं होतं. तिने पिशवी उचलून खांद्याला लावली.

मॅडम टेबलाशी बसल्या, त्यांनी भिंतीवरचा मजकूर समोर घेतला आणि शोभेसाठी या शब्दांवर काट मारली. खाली नव्याने लिहायला लागल्या. एका ओळीनंतर पेन थांबलं.

"हे कसं उघडकीला आलं तेही लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "तुमची चूक. तुमच्या नावासकट. शेकडो लोक वाचतील."

"लिहा," शिवणताई म्हणाली. "माझी लिहिल्याशिवाय तिची कुणाला कळणार कशी?"

मॅडमनी लिहिलं. लिहून झाल्यावर मजकूर तिच्यापुढे सरकवला. वर एका बाईची हुशारी होती आणि तिचं नाव नव्हतं, खाली दुसरीची चूक होती आणि तिचं पूर्ण नाव होतं. शिवणताईने ते दोनदा वाचलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. उलट ज्या बाईला आपण कधी पाहिलं नाही तिच्या शेजारी एकाच कागदावर बसायला मिळालं, याचं तिला अतोनात अप्रूप वाटलं.

"येते मी," ती म्हणाली.

"थांबा." मॅडम उठून भिंतीपाशी गेल्या. "मापात न चुकणारी माणसं मला हवी तेवढी मिळतील. पण हे त्यांना सात जन्मांत दिसलं नसतं. मलाही दिसलं नाही." त्यांनी दुसरा खण ओढला, आतला कागद बाजूला केला आणि स्वतः मागे सरल्या. "मला हा झगा तोंडपाठ आहे असं आजपर्यंत वाटत होतं. आता तुम्ही बघा."

खणात फिकट निळा झगा होता, छातीवर दाट चुण्या आणि गळ्याशी लेसची झालर. शिवणताईने पिशवी खाली ठेवली. चुण्या अप्रतिम होत्या, लेस त्याहून सुंदर होती, आणि तिचे डोळे त्यांच्यावर ठरत नव्हते. या झालरीखाली कुणाची कुठली दुपार दडली असेल, कोण कशासाठी टेबलाशी बसून राहिली असेल आणि मग उठली असेल, हाच विचार तिच्या मनात होता. आणि असे आणखी दहा खण होते. ती वाकली, आणि उजव्या मुंढ्यापासून हळूहळू बघायला सुरुवात केली.